वृद्धांची परीक्षा व शुश्रूषा

घरांतील लहान मुलानें एक वेळ दूध टाकलें, तर सारें घर अस्वस्थ होतें. त्याच्या कपाळावर चार चार हात ठेवले जातात, आणि अंग किंचित् कढत लागलें कीं डॉक्टरांकडे धांव घेतली जाते. त्याच घरांतील पंचाहत्तर वर्षांची आजी दोन दिवस पानावरून तशीच उठली, कोणाशीं बोलेनाशी झाली, दुपारीं उगीच पडून राहूं लागली, तर बहुधा एवढेंच म्हटलें जातें कीं, "आतां वय झालें." ह्या शब्दांपाशीं विचार थांबतो. वृद्ध मनुष्याच्या शुश्रूषेंतील सर्वांत मोठा शत्रु कोणता, असें कोणीं मला विचारलें, तर कोणत्याही रोगाचें नांव न घेतां मी ह्याच शब्दांकडे बोट दाखवीन. वय होणें ही एक अवस्था आहे. तें कोणत्याही रोगाचें निदान नव्हे.

आपल्या मासिकाचे वाचक बहुतेक विद्यार्थी आहेत, तेव्हां हा विषय त्यांना दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु २०११ सालच्या जनगणनेंत साठ वर्षांची व त्यांहून अधिक वयाची माणसें आपल्या देशांत १० कोटी ३८ लक्षांच्या घरांत होतीं, आणि तो आंकडा पुढें वाढतच गेला आहे. ह्या सर्वांच्या उशापाशीं शिकलेली परिचारिका बसणें शक्य नाहीं. सून, मुलगी, नात, नातू हींच त्यांची खरी परिचारक मंडळी होत. आपल्या शाळेंतून बाहेर पडून नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींना ह्या गोष्टी पुढें पद्धतशीर शिकावयाच्या आहेतच. पण ज्यांना तें शिकावयाचें नाहीं, त्यांच्याही घरीं आजी-आजोबा आहेत.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, म्हातारपणीं शरीरांत बदलतें तें काय. आपलें हृदय, मूत्रपिंडें, फुप्फुसें, मेंदू ह्या सर्वांजवळ तरुणपणीं रोजच्या गरजेपेक्षां पुष्कळच अधिक शक्ति शिल्लक असते. विहिरीचें उदाहरण घ्या. श्रावणांत तिच्यांतून कितीही घागरी काढल्या, तरी पाण्याची पातळी हललेली दिसत नाहीं. चैत्रांतही रोजच्यापुरतें पाणी ती देतेच. पण त्याच दिवशीं घरीं पाहुणे आले व चार घागरी अधिक उपसाव्या लागल्या, कीं तळ दिसूं लागतो. वृद्ध शरीर म्हणजे ही चैत्रांतली विहीर. रोजचें चालणें, बोलणें, जेवणें सुरळीत चाललेलें असतें, म्हणून आपणांस सर्व ठीक वाटतें. परंतु लहानसा ताप, एखादा जुलाब, दोन रात्रींचें जागरण किंवा नवी एक गोळी एवढ्यानेंही सारा डोलारा हलतो. आणि गंमत अशी कीं, जेथें बिघाड झाला असेल तेथूनच तक्रार येईल असा नेम नसतो. बिघाड छातींत असतो, आणि माणूस पडतें पायांमुळें. बिघाड मूत्राशयांत असतो, आणि बोलणें असंबद्ध होतें. जो अवयव आधींच दुबळा, तो दुसऱ्याच्या दुखण्यानें प्रथम कोसळतो.

ह्यामुळें तरुण रोग्याच्या बाबतींत ज्या खुणांवर आपण विसंबतों, त्या वृद्धांच्या बाबतींत दगा देतात. न्युमोनिया झाला असतांही ताप फारसा नसावा व खोकलाही नसावा, असें वारंवार घडतें. दिसतें तें एवढेंच कीं, माणूस जेवत नाहीं, मलूल पडून आहे आणि श्वास भराभर चालला आहे. हृदयाला झटका आला असतां छातींत कळ न येतां नुसती धाप लागावी, दरदरून घाम यावा किंवा घेरी यावी, हेंही नवल नव्हे. म्हातारपणीं शरीराची मूळचीच उष्णता कांहींशी कमी असते. तेव्हां पारा १०० अंशांपर्यंत चढला, तर त्याला 'थोडी कणकण' म्हणून सोडून देतां येत नाहीं. नेहमीच्या उष्णतेहून दोन अंश फॅरनहाइट वाढ झाली, तर ती संसर्गाची सूचना समजावी. पण नेहमीची उष्णता किती, हें माहीत असेल तर ना? म्हणून चांगली परिचारिका माणूस बरें असतांना त्याची उष्णता, नाडी, श्वास, रक्तदाब व वजन लिहून ठेवते. श्वास मोजणें तर इतकें सोपें आहे कीं त्याला घड्याळाखेरीज कांहींच लागत नाहीं. मात्र पुरा एक मिनिट मोजावे, व आपण मोजीत आहों हें रोग्याला कळूं देऊं नये. ते मिनिटाला पंचवीस किंवा अधिक भरले, तर डॉक्टरांस बोलावण्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

आतां एका अशा अवस्थेकडे वळूं, कीं जिची ओळख नसल्यामुळें फार हानि होते. समजा, आजी परवांपर्यंत भाजी निवडीत होती, शेजारणीशीं गप्पा मारीत होती. काल सायंकाळपासून ती भलतेंच बोलूं लागली. नातीला आपल्या मृत बहिणीच्या नांवानें हांक मारूं लागली. रात्रीं उठून 'मला घरीं जाऊं द्या' म्हणूं लागली. आणि आज सकाळीं पुन्हां बरीचशी शुद्धीवर आली. घरचे लोक म्हणतात, म्हातारचळ लागला. आपले पूर्वज ह्याला 'वात झाला' असें म्हणत, आणि त्यांच्या ह्या शब्दांत 'म्हातारचळ' ह्या शब्दापेक्षां अधिक शहाणपण होतें; कारण वात झाला म्हणजे दुखणें वाढलें, वैद्याला बोलवा, असा त्याचा अर्थ होता. ही अवस्था एकाएकीं, तासांत किंवा दिवसांत येते. ती कमीजास्त होत राहते. आणि तींत माणसाचें लक्ष एका गोष्टीवर ठरत नाहीं. स्मृतिभ्रंश हा ह्याहून निराळा. तो महिन्यांनीं, वर्षांनीं हळूहळू येतो, व त्यांत आरंभीं तरी माणूस समोरच्याकडे लक्ष देऊन बोलूं शकतें. दोन्ही एकत्रही असूं शकतात, किंबहुना स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला वात फार लवकर होतो. म्हणून 'ते तर आधींपासूनच विसरतात' हें उत्तर पुरेसें नाहीं. कालपेक्षां आज फरक पडला काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर डॉक्टरांजवळ नसतें. तें घरच्या माणसांजवळच असतें.

लक्ष ठरतें कीं नाहीं, हें पाहण्याची एक साधी युक्ति परिचारिका वापरतात. आठवड्याचे वार उलट क्रमानें म्हणावयास सांगावें. शनिवार, शुक्रवार, गुरुवार असें म्हणतां म्हणतां माणूस मध्येंच भरकटलें, आणि तें पूर्वी असें नव्हतें, तर कारण शोधावयास लागावें. १९९० सालीं शॅरन इनूये व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या अवस्थेची ओळख पटविणारी एक छोटी परीक्षा प्रसिद्ध केली, व ती पुढें पुष्कळ देशांतील रुग्णालयांत रूढ झाली. कारणें बहुतेक साधीं व दूर करतां येण्याजोगीं असतात: अंगांतील पाणी कमी होणें, लघवी अडणें अगर तींत संसर्ग होणें, चार दिवस शौचाला न होणें, न सांगितलेली वेदना, नवें औषध, झोंपेचा नाश. चष्मा हरवला, कानांतलें यंत्र काढून ठेवलें, एवढ्यानेंही अंधाऱ्या अपरिचित खोलींत म्हाताऱ्या मनाचा तोल जातो. एक प्रकार तर ओळखूं येण्यास अधिकच कठीण. त्यांत रोगी बडबड करीत नाहीं. उलट तो अगदीं शांत, झोंपाळू, आज्ञाधारक होतो. 'आजोबा आज कसे निवांत पडले आहेत,' असें म्हणून घर सुस्कारा टाकतें, आणि तोच दिवस धोक्याचा असतो.

ह्या बाबतींत औषधापेक्षां शुश्रूषेचें सामर्थ्य अधिक आहे, ह्याचा पुरावा त्याच इनूयेबाईंनीं १९९९ सालीं पुढें मांडला. अमेरिकेंत न्यू हेवन येथील रुग्णालयांत सत्तर वर्षें व त्यांपुढील वयाच्या ८५२ रुग्णांवर हें काम झालें. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय, आपण कोठें आहों व आज वार कोणता ह्याची आठवण देणें, रात्रीं गोंगाट कमी करून कढत दूध किंवा तसेंच कांहीं पेय देणें, दिवसांतून उठवून चालविणें, चष्मा व कर्णयंत्र हाताशीं ठेवणें, पाणी पाजणें, अशीं घरगुती कामें मिळालीं. पहिल्या गटांत शेंकडा १५ जणांना वात झाला, दुसऱ्यांत शेंकडा ९.९ जणांना. ह्या यादींत असें एक तरी काम आहे काय, कीं जें आपल्या नववीच्या विद्यार्थ्याला येणार नाहीं?

वृद्धांची परीक्षा ही स्वतंत्र विद्या म्हणून उदयास आली, तिचा इतिहास फार जुना नाहीं. १९०९ सालीं न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नात्झ नाशर ह्यांनीं 'जेरियाट्रिक्स' हा शब्द प्रचारांत आणला. परंतु शब्दाला देह दिला तो लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयांतील डॉक्टर मार्जरी वॉरेन ह्या बाईंनीं. १९३५ सालीं शेजारचें एक गरीबखाना-रुग्णालय त्यांच्या ताब्यांत आलें. तेथें ७०० हून अधिक माणसें होतीं. त्यांतील कित्येक वर्षानुवर्षें खाटेवर पडून होतीं, आणि त्यांच्याविषयीं कोणालाही आशा नव्हती. वॉरेनबाईंनीं प्रत्येकाला पुन्हां तपासलें. आंधळे कोण, पक्षाघाताचे कोण, केवळ अशक्त कोण, आणि ज्यांना कांहींच मोठा रोग नसून केवळ खाटेवर ठेवल्यामुळें जे खाटेचे झाले असे कोण, ह्यांचा निवाडा केला. भिंतींना उजळ रंग दिला, दिवे सुधारले, धरून चालण्यास कठडे बसविले, आणि माणसें उठविलीं. त्यांतील बरींच चालूं लागलीं, व कित्येक घरीं परत गेलीं. निजवून ठेवण्यानें काय होतें, ह्याचें मोजमाप फार पुढें झालें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलें, तेव्हां त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस गेलें. तेव्हां 'बाबा, तुम्ही उठूं नका, आम्ही आहों ना' हा आपल्याकडील प्रेमळ आग्रह पुष्कळदां घातक ठरतो, हें सांगावेंसें वाटतें. सेवा म्हणजे सर्व कांहीं आपण करणें नव्हे. अर्धी बाही त्यांनीं घालावी, अर्धी आपण. दहा मिनिटें अधिक लागलीं तर लागोत.

माणूस किती स्वावलंबी आहे, हें नेमकें कसें सांगावें? 'बरें आहे', 'अशक्त आहे' ह्या शब्दांचा कांहीं उपयोग नाहीं. १९६३ सालीं क्लीव्हलंड येथील सिडनी कॅट्झ ह्यांनीं, मांडीचें हाड मोडलेल्या व इतर वृद्ध रुग्णांचें निरीक्षण करून, रोजचीं सहा कामें निवडलीं: अंघोळ, कपडे घालणें, शौचास जाणें, अंथरुणावरून उठून बसणें, मलमूत्राचा ताबा, आणि स्वतःच्या हातानें जेवणें. त्यांना असें दिसलें कीं, हीं कामें एका विशिष्ट क्रमानें सुटतात; अंघोळ बहुधा प्रथम सुटते, आणि हातानें जेवणें सर्वांच्या शेवटीं. बरें होतांना क्रम उलटा असतो. लहान मूल ज्या क्रमानें हीं कामें शिकतें, त्याच क्रमाशीं ह्याचें साम्य आहे, असें कॅट्झ ह्यांनीं दाखवून दिलें. पुढें १९६९ सालीं लॉटन व ब्रॉडी ह्यांनीं जरा वरच्या पायरीचीं आठ कामें सांगितलीं. बाजारहाट, स्वयंपाक, घरची आवराआवर, धुणें, प्रवास, टेलिफोन, औषधें वेळेवर घेणें व पैशांचा व्यवहार. गंमतीची गोष्ट ही कीं, स्वयंपाक, आवराआवर व धुणें हीं तीन कामें मूळ परीक्षेंत पुरुषांसाठीं मोजलींच जात नसत! समुद्रापलीकडेही आजोबा सारखेच, असें म्हणावयाचें.

ह्या यादी आपल्याकडे जशाच्या तशा उचलून चालत नाहींत. आपल्या घरांत जमिनीवर मांडी घालून जेवणें, उकिडवें बसून शौच, बादलींतून तांब्यानें अंघोळ, नऊवारी लुगडें किंवा धोतर नेसणें, हीं कामें पाश्चात्त्य खुर्ची व पायजम्याहून कितीतरी कठीण आहेत. आजी खुर्चीवरून सहज उठते. परंतु शौचकूपांत उकिडवी बसून तिला उठतां येत नाहीं, आणि लाजेनें ती तें सांगत नाहीं. मग ती कमी पाणी पिऊं लागते, कमी खाऊं लागते, व आपण म्हणतों, भूक मेली. अशा वेळीं एक धरावयाचा कठडा किंवा कमोडची खुर्ची, हेंच औषध असतें. तीच गोष्ट बुद्धीच्या परीक्षेची. १९७५ सालीं फोल्स्टीन ह्यांनीं केलेली तीस गुणांची परीक्षा जगभर चालते. पण तींत तारीख विचारावयाची, शंभरांतून सात सात वजा करावयास सांगावयाचें, एक वाक्य लिहावयास सांगावयाचें. जी बाई शाळेची पायरी चढली नाहीं, ती ह्यांत नापास होणारच. म्हणून हरियाणांतील बल्लभगड भागांत, जेथें वृद्धांपैकीं पुष्कळ निरक्षर होते, मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लिहिण्यावाचण्यावर अवलंबून असलेले प्रश्न बदलून हिंदी भाषेंत एक परीक्षा तयार केली व ती १९९५ सालीं प्रसिद्ध केली. आपल्या खेड्यांतील आजीला तारीख न विचारतां, संक्रांत झाली कीं व्हावयाची आहे, शेतांत सध्यां कोणतें पीक उभें आहे, असें विचारून पाहावें. जिला इंग्रजी महिना ठाऊक नाहीं, तिला पौष बरोबर ठाऊक असतो.

पडणें हा वृद्धांच्या आयुष्यांतील मोठा घात. मांडीचें हाड मोडलें, कीं कित्येकांचें पूर्वींचें चालणें पुन्हां परत येत नाहीं. ह्याची परीक्षा फार सोपी आहे. ती १९९१ सालीं कॅनडांतील दोघींनीं सध्यांच्या रूपांत मांडली. खुर्चीवर बसलेल्या माणसानें उठावें, तीन मीटर चालावें, वळावें, परत येऊन बसावें, आणि आपण घड्याळ पाहावें. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याची भीति आहे असें धरतात. परंतु सेकंदांपेक्षां मी डोळ्यांवर अधिक विसंबेन: उठतांना हातांचा आधार घ्यावा लागतो काय, पाय घासत जातो काय, वळतांना तोल सांवरण्यास भिंत लागते काय. त्याचप्रमाणें रक्तदाब निजलेल्या स्थितींत मोजावा, व उभें राहिल्यावर तीन मिनिटांच्या आंत पुन्हां मोजावा. वरचा आंकडा वीस किंवा खालचा दहा उतरला, तर पहांटे लघवीसाठीं घाईनें उठणारे आजोबा मोरीच्या दारांत कां पडले, हें कोडें सुटतें. त्यांनीं आधीं कुशीवर व्हावें, मग काठावर दोन मिनिटें बसावें, मगच उठावें. मोरींतील शेवाळ, उंच उंबरठा, घसरणारें पायपुसणें, झिजलेली चप्पल, रात्रीं मालवलेला दिवा, ह्यांच्याविषयीं अधिक सांगण्याची गरज नाहीं. सुटीच्या एका दिवशीं कोणाही मुलानें घरभर हिंडून त्यांचा शोध घ्यावा.

जीं माणसें खरोखरच खाटेला खिळलीं, त्यांचा मोठा वैरी म्हणजे शय्याव्रण. हाड व बिछाना ह्यांच्यामध्यें कातडी दाबली जाते, तेथें रक्त पोंचत नाहीं, व तो भाग मरूं लागतो. माकडहाड, टाचा, कुल्ले, खांदे, डोक्याची मागची बाजू, ह्या जागा रोज उजेडांत पाहाव्या. लाल झालेल्या जागीं बोट दाबून उचलावें. लाली क्षणभर पांढरी झाली नाहीं, तर व्रणाचा आरंभ झाला असें समजावें. मात्र आपल्या सांवळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाहीं; तेथें हाताच्या पाठीनें स्पर्श करून जागा भोंवतालच्यापेक्षां कढत, टणक अगर लिबलिबीत लागते काय, हें पाहावें लागतें. पूर्वी रुग्णालयांतून अशा जागीं स्पिरिट चोळण्याची, पावडर थापण्याची, नाना प्रकारचीं मलमें लावण्याची चाल होती. डॉरीन नॉर्टन नांवाच्या इंग्रज परिचारिकेनें आपल्या सहकाऱ्यांसह ह्या सर्वांची कसोटी पाहिली व १९६२ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतून निघालें तें असें कीं, चोळण्यानें नव्हे, तर वेळच्या वेळीं कूस बदलण्यानें व्रण टळतात. कोणाला धोका अधिक, हें सांगणारें वीस गुणांचें मापही त्याच कामांतून निघालें: शरीरस्थिति, मनाची स्थिति, हिंडणें-फिरणें, खाटेवरची हालचाल व मलमूत्राचा ताबा, ह्यांना प्रत्येकीं एक ते चार गुण, बेरीज चौदा किंवा कमी आली कीं सावध. एका परिचारिकेनें, मोठें यंत्र हातीं नसतांना, केवळ नीट पाहून व लिहून ठेवून सर्व जगाची चाल बदलली, ही गोष्ट आपल्या मुलींना अवश्य सांगण्याजोगी आहे. लाल जागेवर चोळूं नये; त्यानें आंतील नाजूक भाग आणखी फाटतात. टाचा उचलण्यासाठीं पोटऱ्यांखालीं उशी द्यावी. रोग्याला ओढून वर सरकवूं नये. दोघांनीं चादरीसकट उचलावें.

खाण्यापिण्याविषयीं थोडें. वार्धक्यांत तहान मंदावते. अंगांतलें पाणी कमी झालें तरी माणूस पाणी मागत नाहीं. कातडी चिमटून पाहण्याचा नेहमीचा उपाय येथें फसवा, कारण वृद्धांची कातडी तशीही सैलच असते. त्यापेक्षां जीभ कोरडी आहे काय व लघवी गडद आहे काय, तें पाहावें. हृदयाच्या अगर मूत्रपिंडाच्या रोग्याला पाणी किती द्यावें, हें मात्र डॉक्टरांनींच ठरवावें. भरवितांना माणसाला सरळ बसवावें, हनुवटी किंचित् खालीं असावी, व पहिला घांस गिळल्यावांचून दुसरा देऊं नये. निजलेल्या माणसाच्या तोंडांत चमच्यानें पाणी घालणें ही आपल्याकडील सर्रास चाल फार धोक्याची, कारण तें पाणी फुप्फुसांत जातें. कवळी रात्रीं काढून धुवून पाण्यांत ठेवावी. वजन महिन्यांत शंभरीं पांच किंवा सहा महिन्यांत शंभरीं दहा उतरलें, तर 'म्हातारपणीं वाळतातच' असें म्हणून स्वस्थ बसूं नये. तोंडांत फोड, दुखणारा दांत, अथवा मनाची खिन्नता, ह्यांपैकीं कांहींही त्यामागें असूं शकतें.

औषधांचा तर घरोघरीं एक डबाच असतो. एक डॉक्टर रक्तदाबाची गोळी देतात, दुसरे गुडघ्यांची, तिसरे झोंपेची. सर्दीची गोळी दुकानांतून येते, काढा शेजारून येतो, आणि मुंबईचा भाचा शक्तीची बाटली आणतो. एकाच औषधाच्या दोन निराळ्या नांवांच्या गोळ्या दोन्ही वेळां घेतल्या जात आहेत, असेंही आढळतें. साध्या सर्दीच्या कित्येक गोळ्यांनीं वृद्धांची लघवी अडते, शौच खडा होतो, व वात होतो. झोंपेच्या गोळीनें पडण्याचें भय वाढतें. वृद्धांना कोणतीं औषधें शक्यतों देऊं नयेत ह्याची यादी अमेरिकेंत मार्क बीअर्स ह्यांनीं १९९१ सालीं प्रथम केली, व तीत वेळोवेळीं भर पडत आली आहे. घरच्या माणसानें एवढेंच करावें: सर्व पुड्या, बाटल्या, चूर्णें एका पिशवींत भरून तीच पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओतावी. आपल्याच मनानें मात्र कोणतीही गोळी एकाएकीं बंद करूं नये.

ह्या सर्व परीक्षांहून कठीण परीक्षा बोलण्याची. आपल्याकडे डॉक्टरांच्या खोलींत आजीला प्रश्न विचारला, तर उत्तर मुलगा देतो. चांगली परिचारिका नम्रपणें मुलाला थांबविते, खुर्ची ओढून आजीच्या समोर, तोंडावर उजेड येईल अशी बसते, आणि ओरडून न बोलतां सावकाश व खालच्या पट्टींत बोलते. कारण म्हातारपणीं उंच स्वर आधीं ऐकूं येईनासे होतात, व ओरडल्यानें आवाज उंचच होतो. 'आजी' म्हणावें कीं 'बाई' म्हणावें कीं नांव घ्यावें, हेंही तिलाच विचारावें; लहान मुलाशीं बोलतात तसें बोबडें बोलून कर्तृत्ववान् माणसाचा अपमान करूं नये. कांहीं वेळ तरी घरच्यांना बाहेर बसवून एकटीशीं बोललें पाहिजे. लघवी नकळत होते, हें ती मुलासमोर कधींच सांगणार नाहीं. आपल्याला वेळेवर जेवण मिळत नाहीं, किंवा दंडावरचा काळा डाग पडल्यामुळें झालेला नाहीं, हेंही नाहीं. आईबापांच्या पालनपोषणाचा कायदा आपल्या देशांत २००७ सालीं झाला, आणि वृद्धाला टाकून देणाऱ्याला त्यांत तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण कायद्यापर्यंत गाऱ्हाणें नेण्याची आजीची हिंमत कोठली? तें गाऱ्हाणें प्रथम परिचारिकेच्याच डोळ्यांना दिसावें लागतें. त्याचबरोबर जी सून तीन वर्षें रात्रीं उठत आहे, तिचीही प्रकृति विचारावी. तिचा रक्तदाब सहसा कोणी मोजीत नाहीं.

रुग्णालयांत नेण्याचा प्रसंग आलाच, तर गडबडींत ज्या वस्तु हटकून घरीं राहतात त्या अशा: चष्मा, कवळी, कर्णयंत्र व त्याचे सेल, पायांतल्या मापाच्या चपला, आणि औषधांची पिशवी. त्यांबरोबर एक कागद द्यावा. त्यावर आजचें दुखणें नव्हे, तर पंधरा दिवसांपूर्वी हें माणूस काय काय करीत होतें, तें लिहावें: देवळापर्यंत किंवा चर्चपर्यंत काठीनें जात होते, स्वतः दाढी करीत, वर्तमानपत्र वाचीत, उजव्या कानानें ऐकत, रात्रीं दोनदां उठत, चहांत साखर घेत नसत. खाटेवर डोळे मिटून पडलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला पाहणाऱ्या रात्रपाळीच्या परिचारिकेला दुसऱ्या कोठूनही ही माहिती मिळावयाची नाहीं. कागद मराठींत असला तरी चालेल. अक्षर मात्र मोठें व सुवाच्य असावें, आणि खालीं लिहिणाऱ्याचें नातें व टेलिफोनचा नंबर असावा.